लॉयल्टी टेस्ट

ऑगस्ट 2021 मध्ये मी वाकडच्या फ्लॅटमध्ये बसून लीड्सच्या एका टीमसाठी काम करत होतो. रोजचा स्टँडअप आपल्या दुपारी दोनला, म्हणजे त्यांच्या सकाळी साडेनऊला. एरवी ही मंडळी हवामानापलीकडे काही बोलायची नाहीत. त्या महिन्यात मात्र पहिली पाच-सात मिनिटं कामाचं नावच निघेना. टेडी खरंच साधा आहे की बनेल? मिलीने लियमला माफ करायला हवं होतं का? आमची टेस्टर, पन्नाशीची बाई, एकदा इतकी तावातावाने बोलली की मॅनेजरने तिला हळूच तिकीट नंबर विचारला. मला वाटलं, ऑफिसातलंच कुणाचं तरी लफडं आहे. दोन दिवसांनी कळलं की ही 'लव्ह आयलंड'ची पात्रं आहेत.

मी हसलो. मग यूट्यूबवर क्लिप्स बघायला लागलो. मग रात्री दीडपर्यंत जागायला लागलो, कारण तिकडे रात्री नऊला एपिसोड संपला की क्लिप्स पडायच्या... नाही, चुकलं, नऊला सुरू व्हायचा. म्हणजे अडीचपर्यंत. एवढं तरी प्रामाणिकपणे सांगायला हवं.

हा प्रकार आपल्याला अगदीच नवा नाही. 'स्प्लिट्सव्हिला' एमटीव्हीवर 2008 साली आलं आणि इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये आम्ही ते 'टाइमपास म्हणून' बघायचो. सगळेच टाइमपास म्हणून बघायचे आणि डंपिंगच्या एपिसोडला कॉमन रूममध्ये बसायला जागा मिळायची नाही. पण स्प्लिट्सव्हिलात सगळं उघड असतं. टास्क, डाव, मागून वार, आरडाओरडा. लव्ह आयलंडचा दावा वेगळा आहे. इथे म्हणे खेळ नाही, प्रेम आहे.

ब्रिटनमध्ये 2015 पासून आयटीव्ही-2 वर हा कार्यक्रम चालतो. मायोर्का बेटावरचा एक बंगला, त्यात वीस-पंचविशीतली देखणी मुलं-मुली, सगळीकडे कॅमेरे. फोन नाही, बाहेरची बातमी नाही. जोडी करून राहायचं. एकटा पडला तो घरी जाण्याच्या वाटेवर. नवीन माणसं मधूनमधून आत सोडली जातात, जोड्या फुटतात, नव्या जुळतात, प्रेक्षक मतं देतात. शेवटी जी जोडी जिंकते तिला 50,000 पौंड.

आणि शेवटी एक पाकिटाचा प्रसंग असायचा, ज्याने माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. जिंकलेल्या दोघांसमोर दोन बंद पाकिटं. एकात 50,000 पौंड, दुसऱ्यात शून्य. ज्याला पैशांचं पाकीट मिळेल त्याने ठरवायचं: अर्धे वाटून घ्यायचे की सगळे ठेवायचे. ब्रिटिश सीझनांमध्ये जेव्हा जेव्हा हा प्रसंग आला तेव्हा एकानेही सगळे पैसे ठेवले नाहीत. एकानेही. प्रत्येक वेळी निवेदिका थांबते, संगीत थांबतं, प्रत्येक वेळी 'वाटून घेऊ' येतं आणि फटाके उडतात.

आता याच्या शेजारी दुसरा कार्यक्रम ठेवून बघा. 'गोल्डन बॉल्स' नावाचा गेम शो ब्रिटनमध्येच 2007 ते 2009 चालला. त्याच्याही शेवटी दोन माणसं आणि एक रक्कम. दोघांनी 'वाटू' म्हटलं तर निम्मं निम्मं. एकाने 'चोरू' म्हटलं तर सगळं त्याचं. दोघांनी 'चोरू' म्हटलं तर दोघांनाही काही नाही. या शोच्या डेटावर तीन संशोधकांनी 2012 साली पेपर लिहिला. त्यातले एक रिचर्ड थेलर, ज्यांना पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात निघालं की साधारण 53 टक्के वेळा लोकांनी 'वाटू' निवडलं. म्हणजे जवळपास नाणं उडवल्यासारखं.

तिथे 53 टक्के आणि इथे शंभर. दोन्ही खेळ तंतोतंत सारखे नाहीत हे मला माहीत आहे. लव्ह आयलंडमध्ये एकालाच निर्णय घ्यायचा असायचा, त्यामुळे समोरचा चोरेल ही भीतीच नव्हती. तरी एवढा फरक कशाने पडतो? प्रेमाने?

लीड्सच्या टेस्टरला मी हे विचारलं तर ती हसली. म्हणाली, अरे, बाहेर पडल्यावर त्यांना कपड्यांच्या कंपन्या, टूथपेस्टवाले, सगळे पैसे देतात. पंचवीस हजारांसाठी देशभर चोर म्हणून कोण मिरवेल? बरोबर होतं तिचं. गोल्डन बॉल्सवाला दुसऱ्या दिवशी आपल्या नोकरीवर जातो. लव्ह आयलंडवाल्याची खरी नोकरी दुसऱ्या दिवशी सुरू होते. त्याच्यासाठी 'वाटून घेऊ' हा त्याग नाहीच, ती गुंतवणूक आहे. मग त्या पाकिटाने सिद्ध काय झालं? त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हेही नाही आणि नाही हेही नाही. ज्या परीक्षेत सगळेच पास होतात ती परीक्षा काहीच मोजत नाही. आम्ही कोडमध्ये अशी टेस्ट लिहिली तर रिव्ह्यूत परत येते.

खरी परीक्षा मधल्या आठवड्यात असते. तिचं नाव कासा आमोर. तिसऱ्या सीझनपासून, म्हणजे 2017 पासून. जोड्या तोडून मुलगे एका बंगल्यात, मुली दुसऱ्यात. दोन्हीकडे नवीन, एकटी, मुद्दाम निवडलेली माणसं. काही दिवसांनी प्रत्येकाने ठरवायचं: जुन्या जोडीदाराकडे परतायचं की नव्याला घेऊन यायचं. आपला जोडीदार काय ठरवतोय हे कुणालाच कळत नाही. आम्ही सायबर सिक्युरिटीत याला हनीपॉट म्हणतो. चोर येतो का बघायला मुद्दाम उघडा ठेवलेला, आकर्षक दिसणारा खोटा सर्व्हर. फरक इतकाच की तिथे आपण अनोळखी चोराची वाट बघत असतो.

2021 मध्ये टेडी आणि फे ही जोडी होती. टेडी कासा आमोरमधून एकटाच परत आला, म्हणजे फेसाठी. पण मधल्या काळात मुलींच्या बंगल्यावर फोटोंचं एक पोस्टकार्ड पाठवण्यात आलं होतं. त्यात टेडी एका मुलीचं चुंबन घेताना दिसत होता. ते एका खेळातलं होतं, हे पोस्टकार्डवर कुठून लिहिलेलं असणार? फेने चिडून नवा मुलगा निवडला होता. टेडी दारातून एकटा आत येतो आणि ती दुसऱ्याशेजारी उभी असते. पुढे दोघं पुन्हा जवळ आली. मग 'मूव्ही नाइट' आली. पडदा लावून सगळ्यांना एकमेकांच्या पाठीमागच्या क्लिप्स दाखवल्या. टेडी दुसऱ्या एका मुलीला 'तू मला आवडतेस' अशा अर्थाचं बोलला होता ती क्लिप फेने पाहिली आणि ती जी फुटली, त्यावर ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाकडे जवळपास 25 हजार तक्रारी गेल्या. बहुतेकांचा राग फेवर होता.

मला राग दुसऱ्याच कुणाचा येत होता. 2018 मध्ये याहून सरळ उदाहरण घडलं होतं. डॅनीला एक छोटी क्लिप दाखवली: कासा आमोरमध्ये जॅकची आधीची मैत्रीण येते आणि जॅकचा चेहरा पडतो. बस. तो पुढे एकनिष्ठ राहिला, तो भाग दाखवला नाही. डॅनी रडत बसली. अडीच हजारांहून जास्त तक्रारी झाल्या, ऑफकॉमने चौकशी करण्याचं नाकारलं. प्रेक्षकांना अशा भावनिक प्रसंगांची अपेक्षा असतेच, असा त्यांचा साधारण सूर होता. डॅनी आणि जॅक तो सीझन जिंकले, पुढच्या वर्षी वेगळे झाले. 2021 चा सीझन मिली आणि लियम जिंकले. म्हणजे तो लियम, जो कासा आमोरमध्ये दुसऱ्या मुलीत गुंतला होता. जो परीक्षेत नापास झाला त्याची जोडी पहिली आली; जो पास झाला तो टेडी तिसरा. मिली आणि लियम वर्षभराने वेगळे झाले आणि नंतर पुन्हा एकत्र आले. टेडी आणि फे 2023 मध्ये वेगळे झाले. या परीक्षेतून पुढचं काही सांगता येतं असं मला तरी दिसलं नाही.

हे सगळं मला 2021 च्या ऑगस्टमध्ये स्वच्छ दिसत होतं. मी मित्रांना लांबलचक मेसेज लिहून समजावत होतो की टेडीवर अन्याय झालाय, दोष ज्याने पोस्टकार्ड छापलं त्याचा आहे.

आणि सहा महिन्यांनी मी पोस्टकार्ड छापलं.

माझी गर्लफ्रेंड ऑक्टोबर 2021 मध्ये मास्टर्ससाठी आखेनला गेली. कॉलेजपासूनचं नातं, चार वर्षांचं. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल, मग एक दिवसाआड, मग 'उद्या बोलू, खूप झोप येतेय'. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. ती मोकळी व्हायची तेव्हा माझे डोळे मिटत असायचे. तिच्या स्टोरीत कुणाचे तरी हात दिसायचे, ग्लास धरलेले. मी झूम करून बघायचो. काही नसायचं. मी पुन्हा बघायचो.

त्याच सुमारास माझ्या रील्समध्ये लॉयल्टी टेस्टचे व्हिडिओ यायला लागले. तुम्हीही पाहिले असतील. एक मुलगा कॅमेऱ्यासमोर येतो, त्याच्या गर्लफ्रेंडला दुसऱ्याच्या आयडीवरून मेसेज जातो, ती काय उत्तर देते ते स्क्रीनवर. खाली हजारो लोक हसतायत. रूममेट म्हणाला, 'एकदा करून बघ ना, डोक्यातलं जाईल तरी.' त्याने वीस मिनिटांत अकाउंट बनवलं. म्युनिकला नोकरी करणारा मराठी मुलगा, डोंगरांचे फोटो, चेहरा अर्धवट. पासवर्ड माझ्याकडे.

पहिल्या वेळी तिने दोन मेसेजना उत्तर दिलं नाही. तिसऱ्याला लिहिलं, 'सॉरी, मला बॉयफ्रेंड आहे.' आम्ही दोघं नाचलो. बिर्याणी मागवली. मला वाटलं, संपलं.

ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी विचार आला, मेसेजच इतका फालतू होता की कुणीही नाहीच म्हणालं असतं. मग वाटलं, तिला संशय आला असेल. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं सिद्ध होत नाही, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं, ते मी चुकीच्या ठिकाणी लावत होतो. माझ्या आजीला रामायणातलं अग्नीतून जाणं सोसायचं नाही. ती म्हणायची, आगीतून बाहेर आली तेव्हा तरी संपायला नको होतं का? एका परटाच्या बोलण्यावर पुन्हा वनात. आजीचा राग रामावर होता की गोष्टीवर, मला कधी कळलं नाही. पण तिचा हिशोब बरोबर होता. जो परीक्षा घेतो त्याला निकाल पुरत नाही. शंका निकालात नसतेच, घेणाऱ्यात असते.

मी त्याच अकाउंटवरून पुन्हा लिहिलं. आधीच्या मेसेजबद्दल माफी मागितली. नुसतं विचारलं, आखेनमध्ये पोहे कुठे मिळतात. माझी टाइप करायची सवय ओळखू येऊ नये म्हणून वाक्याच्या शेवटी टिंब दिलं नाही.

तिने उत्तर दिलं. दुकानाचं नाव दिलं, जाडे पोहे मिळतात पण बरे आहेत म्हणाली. तीन दिवस असंच. थंडी, ट्राम, जर्मन भाषेतली सरकारी पत्रं. एकही शब्द असा नाही की ज्याला बोट लावावं. पण रात्री कॉलवर मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, 'आज काय नवीन?' आणि ती म्हणायची, 'काही नाही रे.' मला माझ्याच बनवलेल्या माणसाचा मत्सर वाटत होता.

चौथ्या रात्री तिने त्याला सांगितलं की ती एका पेपरात नापास झालीये. तिथे एका पेपरला ठरावीकच संधी असतात. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलंय. घरी सांगता येत नाही आणि बॉयफ्रेंडला सांगितलं तर तो लगेच उपाय सांगायला लागतो, असं तिने लिहिलं होतं.

मी कितीतरी वेळ ती ओळ बघत राहिलो. मला ती गोष्ट माहीत झाली होती आणि ती माहीत असण्याचा मला हक्क नव्हता. मी तिला फोन करून 'कशी आहेस' म्हणू शकत नव्हतो. मग मी त्या मुलाच्या नावाने लिहिलं. उपाय सांगितले नाहीत. नुसतं लिहिलं की फार वाईट वाटलं असेल, ट्राममध्ये रडू आलं का. ती म्हणाली, हो. आम्ही, म्हणजे ती आणि तो, तासभर बोललो. खरं सांगायचं तर चार वर्षांत मी तिच्याशी इतकं नीट कधी बोललो नव्हतो.

ॲनेट बायर नावाच्या तत्त्वज्ञ होत्या. 1986 साली त्यांनी विश्वासावर एक निबंध लिहिला. मला त्यातून कळलं ते असं: विश्वास ठेवणं म्हणजे समोरच्याला आपल्याला दुखावता येईल अशा जागी आपण स्वतःहून उभं राहणं. मला हे फार उशिरा वाचायला मिळालं. लॉयल्टी टेस्ट करणारा नेमकं याच्या उलट करतो. तो स्वतःला सुरक्षित जागी नेतो आणि दुसऱ्याला उघड्यावर उभं करतो. नात्यात दोन माणसं असतात. त्यातला एक जण उठून प्रेक्षकांत जाऊन बसला तर समोर जे उरतं त्याला काय म्हणायचं?

याचा अर्थ तपासणं मुळातच वाईट, असं मला म्हणायचं नाही. लग्न ठरवताना घरचे चौकशी करतात, नोकरी कुठे, व्यसन आहे का. ती विश्वास ठेवण्याआधीची गोष्ट आहे आणि दोन्ही बाजूंना माहीत असते. माझा कोड रोज कुणीतरी तपासतं, मला अपमान वाटत नाही. पण आमच्या कंपनीने एकदा दिवाळी गिफ्ट व्हाउचरचा खोटा मेल पाठवला होता, कर्मचारी फिशिंगला फसतात का बघायला. मी क्लिक केलं. व्हाउचरऐवजी सिक्युरिटी ट्रेनिंगचा व्हिडिओ उघडला. मी आठवडाभर चिडलेला होतो. फसलो म्हणून नाही. दिवाळीत कंपनीने आपल्याला काही दिलं असं क्षणभर खरं वाटलं होतं म्हणून. लव्ह आयलंडवाले निदान करारावर सही करून आत जातात. आत कासा आमोर येणार हे त्यांना माहीत असतं. आखेनमधल्या मुलीने कशावर सही केली होती?

कुणी म्हणेल, पण तिने लपवलंच ना? हो, लपवलं. त्या मुलाबद्दल आणि पेपराबद्दलही. मी हा मुद्दा स्वतःच्या बाजूने कितीतरी वेळा मांडून पाहिलाय. पण ती जे लपवत होती ते माझ्याविरुद्ध नव्हतं, आणि ते बाहेर काढायला मला दुसरा माणूस व्हावं लागलं. मी मी राहून ते मिळवू शकलो नसतो, ही माहिती टेस्टच्या निकालाहून मोठी होती. निकालाच्या नादात ती माझ्या हातून निसटली.

पंधरा दिवसांनी मी तिला सांगितलं. प्रामाणिकपणा वगैरे नाही, रूममेटने दारू पिऊन कुणाला तरी सांगितलं होतं आणि ते तिच्यापर्यंत जाईल याची भीती होती. कॉलवर ती खूप वेळ काही बोलली नाही. मला वाटलं नेट गेलं. मग तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला, 'मी काही वेगळं बोलले असते तर तू काय करणार होतास?' मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तिथपर्यंत विचारच केला नव्हता. कासा आमोर बांधणाऱ्यांना तरी पुढचा एपिसोड माहीत असतो.

दुसरा प्रश्न, 'पेपराबद्दल त्या रात्री जे बोलणं झालं, ते तू बोललास का तुझ्या मित्राने?'

'मी,' म्हटलं.

'मग ते तू म्हणून का नाही बोललास?'

आम्ही त्यानंतर चार महिने एकत्र होतो. तिने मला शिक्षा म्हणून काही केलं नाही. उलट ती सगळं सांगायला लागली. कुठे गेली, कोण होतं, किती वाजता परतली. न विचारता. मार्क, मेल, मैत्रिणींचे फोटो. ते ऐकताना मला लीड्सच्या मीटिंगमधले स्टेटस अपडेट आठवायचे. जूनमध्ये तिनेच थांबवलं. तो पेपर ती दुसऱ्या प्रयत्नात पास झाली, हे मला एका कॉमन मित्राकडून कळलं.

ते अकाउंट अजून आहे. रूममेट म्हणतो डिलीट कर, मी करणार म्हणतो. त्यात तिचा शेवटचा मेसेज त्या पेपरवाल्या रात्रीचा आहे. दोन वाजून दहा मिनिटांचा. 'थँक्स. आज झोप लागेल.' त्याखाली माझं उत्तर नाही. तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभा होतो.